मुलांना शरीराबद्दल, सेक्सबद्दल सांगायचं कोणी? घरी की शाळेत?

अबोली (घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सहावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेने पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर संमतीपत्र टाकलं, की एक समुपदेशक ताई येणार, वयात येताना काय काय होतं यावर मुलांशी बोलणार, दीड तास, मुलं वेगळी मुली वेगळ्या. झालं, दहा मिनिटांत ग्रुप पेटला. आमची मुलं लहान आहेत, नको ते डोक्यात भरवू नका, त्यापेक्षा गणिताचा जादा तास घ्या. मी सगळं वाचत होते. मला हो म्हणायचं होतं. टाईप पण केलं होतं, आणि मग पुसलं, कारण वाटलं सगळे काय म्हणतील, हिलाच काय एवढी घाई. संध्याकाळी शाळेचा मेसेज आला, सेशन रद्द.

त्यानंतर चारच दिवसांनी पोरगा स्कूलबसमधून उतरला तो गप्प. जेवला नाही नीट. रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाला, आई, बसमध्ये आठवीतला एक दादा मोबाईलवर घाण काहीतरी दाखवतो, मला बघायचं नव्हतं पण त्याने मान धरून दाखवलं, त्यातली ती बाई रडत होती का गं?

मला काय बोलावं सुचेना. बरं केलंस सांगितलंस, एवढंच म्हणाले आणि त्याला थोपटत बसले. बसचं दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगितलं, ते निस्तरलं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाहीये. आपल्या आईने आपल्याला काय सांगितलं होतं ते आठवून बघितलं तर एकच वाक्य आठवतं, आता मुलांबरोबर खेळायला जायचं नाही. का, ते नाही सांगितलं.

हे आपण सांगायचं का शाळेने? आणि आपण सांगायचं तर सुरुवात कुठल्या शब्दाने करायची, कारण मला शब्दच सापडत नाहीयेत.

वाटसरू_सानपाडा

ताई, जे झालं ते वाईट झालं, मुलाने येऊन सांगितलं हे तुमचं मोठं यश आहे. पण माझं मत स्पष्ट आहे, हा विषय घरचा आहे. एका वर्गात साठ पोरं. कोणी अजून कार्टून बघतंय, कोणाला मिसरूड फुटलंय. सगळ्यांना एकाच मापाने कसं सांगणार? आणि सांगणारं माणूस कोण, कुठल्या विचारांचं, काय चित्रं दाखवणार, काही माहीत नसतं. मला दोन मुलगे आहेत, सातवी आणि चौथी. त्यांना कधी काय सांगायचं हे मला आणि बायकोला कळतं. वेळ आली की सांगू. शाळेने शाळेचं काम करावं.

कोपरखैरणेच्या_बाई

वाटसरूदादा, रागावू नका पण "वेळ आली की सांगू" हे मी पालकसभेत बावीस वर्षं ऐकतेय आणि नववी-दहावीला शिकवताना दिसतं की बहुतेक घरांत ती वेळ आलेलीच नसते.

मी विज्ञान शिकवते, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' म्हणून धडा आहे, त्यात स्त्री-पुरुषांचं प्रजनन, ऋतुचक्र, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी सगळं आहे. म्हणजे शाळेत हा विषय आहेच, बोर्डाच्या पेपरला येतो. पण शिकवतात कसा? खरं सांगते, पहिली चार-पाच वर्षं मी पण फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर मन लावून शिकवायचे आणि माणसावर आलं की "हे घरी वाचून या, आकृती काढून आणा". मुली मान खाली घालायच्या, मागच्या बाकांवर खसखस, आणि माझे कान गरम. आज त्याची मला लाज वाटते. आणि दहावीत म्हणजे पंधरा वर्षांचं पोर, ज्यांना पाळी येऊन तीन-चार वर्षं झालीत त्यांना आपण पाळी म्हणजे काय ते शिकवतोय.

मग मी प्रश्नांची पेटी ठेवली, बुटाचा खोका, वर फट पाडून. नाव लिहायचं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला उघडायची. पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी आली, ती मी अजून जपून ठेवलीय: "बाई रात्री झोपेत चड्डी ओली होते, मला एड्स झाला आहे का, आईला सांगू नका." विचार करा, हे पोर किती महिने ही भीती घेऊन वर्गात बसत असेल. गणितात नापास होत असेल तर का होत असेल? दुसरी एक चिठ्ठी होती की पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का, मी लावला आणि काहीच झालं नाही, मला काही आजार आहे का.

आणि हे काही आजचं भांडण नाही. २००५ मध्ये एड्स नियंत्रण संस्था नाको आणि केंद्राच्या शिक्षणखात्याने मिळून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून बऱ्याच राज्यांत गदारोळ झाला आणि आपल्या महाराष्ट्राने पण तो थांबवला. चित्रं खटकली तर बदलायची होती ना. सगळंच बंद केलं, आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येक पोराच्या हातात स्मार्टफोन आला. जे पुस्तकातून काढलं ते बसमध्ये मान धरून दाखवलं जातंय.

डॉक_नेरूळ

बाईंना अनुमोदन. मी लहान मुलांची डॉक्टर, थोडं वयाचं सांगते, कारण "आमची मुलं लहान आहेत" हे सगळ्यात जास्त ऐकते.

मुलींच्या शरीरात बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होऊ शकतात, मुलांच्यात ९ ते १४. छाती वाढायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलीला माहिती असणं हे लवकर नाही, वेळेवर आहे. (मुलीला ८ च्या आधी किंवा मुलाला ९ च्या आधी बदल दिसले तर मात्र दाखवून घ्या.)

आता शब्दांचं. अबोलीताई, तुमची अडचण अगदी खरी आहे, आणि ती रोज माझ्यासमोर बसलेली असते. आपल्या मराठीत या अवयवांना एकतर बाळबोध शब्द आहेत, शूची जागा वगैरे, नाहीतर शिवी आहे, नाहीतर थेट संस्कृत. मधला घरगुती शब्दच नाही. आई पोराला घेऊन येते आणि "त्याला तिकडे दुखतंय" म्हणते, तिकडे म्हणजे कुठे हे मला बोटाने विचारावं लागतं. मी पालकांना सांगते, संस्कृत तर संस्कृत, आंघोळ घालताना नाक, कान, पोट म्हणता तसंच शिश्न, वृषण, योनी म्हणा. चार दिवस जीभ अडखळेल. पोराला काही वाटत नाही, त्याच्यासाठी ते कोपरासारखंच एक नाव असतं. मुलींना हेही सांगा की लघवीची जागा आणि योनीमार्ग वेगवेगळे, कारण दोन मुलं झालेल्या बायकांनाही हे माहीत नसतं, मी बघितलंय.

आणि बाईंच्या चिठ्ठीतल्या मुलाला जे होत होतं त्याला आपण काय म्हणतो? स्वप्नदोष. नावातच दोष! वयात येणाऱ्या मुलाचं अगदी नॉर्मल वीर्यपतन, त्याला आपली भाषाच आजार ठरवते. मग तो मुलगा लोकलच्या डब्यातलं "गुप्तरोग, धातू जाणे, खात्रीशीर इलाज" स्टिकर वाचतो आणि तिथला नंबर फिरवतो. कॉलेजची पोरं हजारो रुपये घालवून आलेली बघितलीत मी, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आजोबा_नौपाडा

मुलांनो, मी पंच्याहत्तरीचा. तुम्हाला वाटेल म्हातारा नको म्हणेल.

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे दहा-बारा जुने अंक होते, कपड्याखाली दडवलेले. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत हे मासिक चालवलं. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवायचे आणि ते उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले.

मी ते अंक चोरून वाचले तेव्हा चौदाचा असेन. वडिलांनी ते विकत आणले, वाचले, जपले, पण माझ्याशी त्यातला एक शब्द बोलले नाहीत. मी माझ्या मुलाशी बोललो नाही. आता नातू तेरा वर्षांचा आहे, संध्याकाळी माझ्याबरोबर तलावपाळीला फिरायला येतो. कोपरखैरणेच्या बाईंनी जे खोक्यात केलं तेच कर्वे मासिकात करत होते आणि शंभर वर्षं होत आली तरी आपण तिथेच उभे आहोत याचं मला फार वाईट वाटतं.

एक_बाबा_ऐरोली

इथे विचारू का कळत नाही पण विचारतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. घरी मी आणि माझी आई. आई म्हणते तिला पाळी आली की मी बघते, पण आईच्या गावच्या पद्धती, बाजूला बसवणं, कावळा शिवला म्हणणं, मला ते माझ्या मुलीसाठी नकोय. डॉक्टरबाईंनी ८ ते १३ लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला. मी पुरुष, मी सांगितलं तर चालेल का? काय सांगू?

डॉक_नेरूळ

दादा, चालेल काय, उत्तम. उद्याच मेडिकलमधून पॅडचं एक पाकीट आणा, काळ्या पिशवीत नको म्हणून सांगा. घरी तिच्यासमोर उघडा, तुमच्याच हाताने चड्डीला लावून दाखवा, थोडं पाणी ओतून दाखवा कसं शोषतं. सांगा की मुलगी मोठी होताना पोटात गर्भाशय दर महिन्याला आतून एक अस्तर तयार करतं, बाळ नसेल तर ते रक्ताबरोबर बाहेर पडतं, त्यात घाण काही नाही, जखम नाही. एक पॅड आणि एक चड्डी दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा. शाळेत झालं तर कुठल्या बाईंना सांगायचं ते नाव ठरवून ठेवा. आजींनाही त्या वेळी शेजारी बसवा, त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. आणि पुढच्या वेळी मुलांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा एचपीव्ही लशीचं विचारा, ९ ते १४ वयात एक किंवा दोन डोस असतात, पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव होतो.

कळव्याची

मी हे आधी कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांना वाटतं हा विषय फक्त घरचा, त्यांच्यासाठी लिहितेय.

मी आठ-नऊ वर्षांची असताना घरातल्याच एका माणसाकडून त्रास झाला. नात्यातला, घरी राहायला असायचा, सगळ्यांचा लाडका. दीड वर्ष चाललं. मी आईला सांगायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण माझ्याकडे त्यासाठी शब्द नव्हता. मी म्हणायचे पोटात दुखतं. आई ओवा द्यायची. डॉक्टरकडे नेलं, जंताचं औषध दिलं. माझ्या घरी कोणी मला काय शिकवणार होतं? ज्याने शिकवायचं त्या घरातच तो होता. त्या वेळी शाळेत एखाद्या बाईंनी पाच मिनिटं जरी सांगितलं असतं की असं कोणी केलं तर त्यात तुझी चूक नाही, मला येऊन सांग, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. बाई आवडायच्या मला.

बदलापूर आठवा, ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या मुली. लोकांनी रेल्वे अडवून धरली, बरोबरच होता राग. तिथे जागा शाळा होती, माझ्या बाबतीत घर होतं. त्यातल्या एका पोरीने घरी सांगितलं म्हणून कळलं. नंतर सगळीकडे कॅमेऱ्यांची चर्चा झाली. कॅमेरे लावा, जरूर लावा. माझ्या घरात कॅमेरा नव्हता, आणि असता तरी काय.

कोपरखैरणेच्या_बाई

कळव्याची, तुझ्या शेजारी बसून हात धरावासा वाटतोय. लिहिलंस, फार मोठं काम केलंस.

जे वाचतायत त्यांच्यासाठी, २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांत मोठा अभ्यास केला होता, बारा हजारांवर मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि वाटसरूदादा, त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. त्रास देणारा बऱ्याचदा ओळखीचा, विश्वासाचा. बहुतेकांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा, तो मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे आणि अठराच्या खालच्या कुणाबाबत असं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकाला, डॉक्टरला, शेजाऱ्याला, सगळ्यांना. "बदनामी होईल, शाळेपुरतं मिटवा" म्हणणारे पालक आणि मुख्याध्यापक दोन्ही मी बघितलेत. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवलाय.

मोठ्या मुलांना अजून एक सांगायला लागतं जे घरी कोणीच सांगत नाही. पूर्वी संमतीचं वय १६ होतं, २०१२ पासून १८ आहे. अकरावीतली दोघं "आमचं प्रेम आहे" म्हणतात, पण कायद्याच्या भाषेत तो गुन्हा होतो आणि मुलगा थेट पोक्सोत अडकतो. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो फॉरवर्ड करणं पण गुन्हा, नुसता ठेवणं पण. हे त्यांना आम्ही नाही सांगायचं तर कोणी?

वाटसरू_सानपाडा

काल रात्री कळव्याच्या ताईंचं वाचून झोप लागली नाही.

मी मुलग्यांचा बाप म्हणून निर्धास्त होतो, हे खरं. काळजी मुलीवाल्यांनी करायची असं कुठेतरी डोक्यात होतं. मुलग्यांनाही होतं हे मला माहीत नव्हतं. आज सकाळी थोरल्याला ट्यूशनला सोडताना गाडीवरच विचारलं (समोरासमोर जमलं नसतं), तुला कधी कोणी नको तिथे हात लावला का रे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला क्रिकेटच्या कोचिंगला चेंजिंग रूममध्ये मोठी मुलं चड्डी ओढतात, सगळ्यांचीच ओढतात, हसतात. मला सांगितलं नाही कारण मी म्हणालो असतो मुलगा आहेस, काय रडतोस. आणि मी खरंच तसं म्हणालो असतो.

मी अजूनही म्हणतो की शाळेने आधी पालकांना दाखवावं काय शिकवणार, कोण शिकवणार. तेवढा हक्क मला हवाय. पण घरीच सांगू, शाळा नको, हे जे मी वर लिहिलंय ते मागे घेतो. मी स्वतः आजवर काही सांगितलेलं नाही.

कोपरखैरणेच्या_बाई

दादा, पालकांना आधी दाखवायचं हे शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे आम्ही मुलांच्या सेशनच्या आदल्या शनिवारी तेच सेशन पालकांना देतो, त्याच चित्रांसकट. पहिल्या वर्षी ४० पैकी ९ आले, सगळ्या आया. यंदा १७ बाबा होते. बाबा बसले की मुलांचे प्रश्न घरी जायला लागतात, माझा खोका जरा हलका होतो.

आजोबा_नौपाडा

काल तलावपाळीला नातवाला विचारलं, तुझ्या मनात शरीराबद्दल काही प्रश्न आहेत का. म्हणाला, आजोबा तुम्हाला येतील का उत्तरं? मी म्हटलं नाही आली तर डॉक्टरांना विचारू. त्याने तीन विचारले. दोन आली.

अबोली

सगळ्यांचं परत परत वाचतेय. कळव्याची, तुला काय म्हणू.

परवा रविवारी मुलाला उपवनला घेऊन गेले, कणीस घेतलं आणि कट्ट्यावर बसून स्वतःच विषय काढला. म्हटलं त्या दिवशी तू विचारलेलंस त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. मग सांगितलं की मोठी माणसं एकमेकांवर प्रेम असेल तर जवळ येतात, त्याला सेक्स म्हणतात, त्यात दोघांनाही बरं वाटायला हवं, दोघांची हो हवी. त्या व्हिडिओत जे होतं ते पैशांसाठी शूट केलेलं असतं, त्यातली बाई रडत होती का ते मला माहीत नाही पण तुला तसं वाटलं आणि वाईट वाटलं हे चांगल्या मुलाचं लक्षण आहे. शिश्न हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, डॉक, तुम्ही म्हणालात तशी जीभ अडखळलीच. तो म्हणाला, आई हे पुस्तकात आहे ना, मग हळू आवाजात का बोलतेस? मग जरा मोठ्याने बोलले.

आणि ग्रुपवर लिहिलं. या वेळी पुसलं नाही. लिहिलं की मला सेशन हवंय, आधी पालकांना दाखवा आणि मग मुलांना द्या. दोन तास कोणीच काही बोललं नाही, मोबाईल उलटा ठेवून स्वयंपाक केला. मग एका आईचं "मला पण हवंय" आलं, मग अजून एक. रात्रीपर्यंत तेवीस झालो. सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या बाबांनी पर्सनल मेसेज करून विचारलंय की पालकांचं सेशन रविवारी ठेवता येईल का, शनिवारी त्यांची ड्युटी असते. उद्या मुख्याध्यापिकांना भेटायला आम्ही चौघी जातोय.

बाई, तुमच्या पालकांच्या सेशनला काय काय दाखवता त्याची यादी इथे टाकाल का? उद्या अकराच्या आत मिळाली तर प्रिंट काढून घेऊन जाईन.

कोपरखैरणेच्या_बाई

शाळेतून घरी पोचले की टाकते, साडेसहापर्यंत.